बाई, तुम्ही किती दिवस राहणार?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग पावसाळा आला, आणि हरसूलच्या पावसात वीज आणि नेट दोन्ही आपापल्या मर्जीनं येतात-जातात हे जुन्या वाचकांना ठाऊक आहेच. आज मात्र लिहायचं राहून गेलंय म्हणून बसलेली नाही. राग आलाय म्हणून बसले आहे. पंचाहत्तरीत राग येणं प्रकृतीला बरं नव्हे असं डॉक्टर म्हणतात. म्हणू देत.

माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. तिकडे घरटी एक पोरगा फौजेत असतो, त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. मिलिटरी अपशिंगे गावाचं नावच पाहा ना. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान गेले. तर माझ्या धाकट्या भावाचा मुलगा तोफखान्यात हवालदार आहे. गेल्या जूनमध्ये त्याची बदली पंजाबातून देवळालीला झाली. माझी भाचेसून बीएस्सी बीएड आहे, विषय गणित आणि विज्ञान. दोन मुलं, सात ट्रंका आणि एक शिवणयंत्र घेऊन ती देवळाली कॅम्पला उतरली. मला आनंद झाला, कारण आत्याचं घर आता एका दिवसाच्या वाटेवर आलं. क्वार्टर मिळेपर्यंत त्यांनी भाड्यानं दोन खोल्या घेतल्या, आणि मुलं सांभाळायला म्हणून मी पंधरा दिवस तिच्याकडे जाऊन राहिले.

त्या पंधरा दिवसांत ती पाच शाळांत जाऊन आली. एकीत मी बरोबर होते. धाकट्याला मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसले होते, दार अर्धं उघडं होतं, आणि शिक्षिकेचे कान निवृत्त होत नाहीत! शाळेचं नाव सांगणार नाही, कारण प्रश्न त्या एका शाळेचा नाही.

पदव्या पाहून झाल्या. फळ्यावर एक उदाहरण सोडवून दाखवायला सांगितलं, तिनं सोडवलं. मग तिथल्या सरांनी विचारलं, "मिस्टर काय करतात?"

"आर्मीत आहेत, सर."

"मग बाई, तुम्ही किती दिवस राहणार?"

"दोन-अडीच वर्षं तरी नक्की, सर."

"म्हणजे पाहुण्याच की हो तुम्ही!" आणि सर हसले.

पुढचं हसण्यासारखं नव्हतं. सरांनी दोन अटी घातल्या. मूळ प्रमाणपत्रं शाळेकडे ठेवायची, म्हणजे बाई मधेच जाणार नाहीत. आणि पगार बँकेत जमा होईल तेवढा सगळा हातात राहणार नाही, त्यातला काही भाग दर महिन्याला रोख परत आणून द्यायचा. परत दिल्यावर हातात उरणार होते नऊ हजार रुपये. भाचेसून म्हणाली, "सर, ह्यांची ऑर्डर आठ दिवसांच्या नोटिशीवर येते. माझी सर्टिफिकिटं तुमच्या कपाटात अडकली तर पुढच्या गावी मी काय दाखवू?" सरांनी फाईल मिटली. झाली मुलाखत.

रिक्षात बसल्यावर ती रडेल अशी माझी समजूत. ती रडली नाही. "आत्या, ही माझी सहावी शाळा नाही म्हणणारी. पठाणकोटला तर आत पण नव्हतं घेतलं," एवढंच म्हणाली आणि बाजारातून मेथी घ्यायला रिक्षा थांबवली. राग मला आला. तो अजून उतरलेला नाही.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारी एकतर्फी बोलते. मी १९७४ साली या भागात शिक्षिका म्हणून लागले आणि २००९ साली निवृत्त झाले. पस्तीस वर्षांत नोव्हेंबर महिन्यात सोडून जाणाऱ्या शिक्षकांना मी मनातल्या मनात काय काय म्हटलंय ते इथं लिहिता येणार नाही. दहावीचा वर्ग अर्ध्यावर टाकून बाई निघून गेल्या की त्या वर्गाचं काय होतं ते मी पाहिलंय. नव्या बाई येईपर्यंत पोरं गणिताच्या तासाला पटांगणात. म्हणून "किती दिवस राहणार" हा प्रश्न मुळात चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. मुख्याध्यापकानं तो विचारायलाच हवा.

पण मग सगळ्यांना विचारा! आमच्या शाळेत माझ्या काळात गणिताचे अकरा शिक्षक आले. त्यातले तीन वर्षांपेक्षा जास्त टिकले दोन. बाकीचे सगळे "कायम" होते बरं का. कायम या शब्दाचा अर्थ असा की ते कायम बदलीच्या अर्जात होते. रुजू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी नाशिकला खोली घ्यायची, गिरणारेमार्गे वाघेऱ्याच्या घाटातून जाऊन-येऊन नोकरी करायची, आणि पुढारी धरून दोन वर्षांत निफाडला किंवा सिन्नरला निघून जायचं. त्यांना कुणी पाहुणे म्हटलं नाही. ज्या बाईला अडीच वर्षं राहायचं आहे, जी ते तोंडावर खरं सांगते, आणि जिचा नवरा खोटं सांगून बदली रद्द करून घेऊ शकत नाही, ती मात्र पाहुणी. खरं बोलण्याचा दंड आहे हा, दुसरं काय.

आणखी एक गंमत पाहा. तिच्या अनुभवाच्या रकान्यात नऊ वर्षांत चार शाळा आणि दोन मोकळी वर्षं आहेत. ती दोन वर्षं का मोकळी? नवरा फील्ड पोस्टिंगला होता, तिथं कुटुंब नेता येत नाही, म्हणून ती सासरी गावाकडे शेती आणि आजारी सासरे बघत होती. नवऱ्याच्या नोंदीत ती दोन वर्षं सेवा म्हणून लागली. हिच्या अर्जात तीच दोन वर्षं "गॅप" म्हणून लाल पेनानं गोल झाली. चार शाळांचा अनुभव म्हणजे चार प्रकारची मुलं, तीन बोर्डांची पुस्तकं, हिंदीत आणि इंग्रजीत शिकवायची सवय. मला तर हे भांडवल वाटतं. सरांना ते चंचलपण वाटलं.

बरं, खाजगी शाळा सोडा, सरकारी दारं ठोठवा असं कुणी म्हणेल. ठोठावली की! राज्याच्या भरतीसाठी आधी टीईटी, मग टेट, म्हणजे ती अभियोग्यता चाचणी, आणि मग पवित्र पोर्टल. ती अभियोग्यता चाचणी आजवर झाली २०१७ साली, २०२३ साली आणि २०२५ साली. पहिल्या वेळी हिचं बीएड व्हायचं होतं. दुसऱ्या वेळी धाकट्याच्या वेळचे दिवस भरत आले होते, मुक्काम पंजाबात. तिसऱ्या वेळी सामान बांधणं चाललं होतं. आणि समजा लागलीच, तर नेमणूक मिळणार एका जिल्हा परिषदेत. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, प्राथमिकला महिना १६ हजार, हेही २०२३ पासूनचं, त्याआधी सहाच हजार होते. मग नवरा देशभर फिरणार आणि ही त्या जिल्ह्यात एकटी. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदली धोरणात आजी-माजी सैनिकांच्या पत्नींना विशेष संवर्गात घेतलेलं आहे, ते चांगलंच आहे, पण त्याचा उपयोग जी आधीच नोकरीत आहे तिला. शिवाय ते राज्याच्या हद्दीपर्यंत. भाच्याची पुढची बदली आसामात झाली तर पुणे जिल्हा परिषद काय करणार आहे?

केंद्रीय विद्यालयात कायम नोकरी मिळाली तर नेमणूक देशात कुठेही. करारावरच्या जागांच्या मुलाखती शाळा सुरू व्हायच्या कितीतरी आधी आटोपतात, ही जूनमध्ये पोचली. त्यात तिथं केंद्राची सीटीईटी लागते, हिच्याकडे महाराष्ट्राची टीईटी. लष्कराच्या शाळांची स्वतःची स्क्रीनिंग टेस्ट आहे, ती ठरलेल्या वेळीच होते. बदलीचा हुकूम काढणाऱ्या साहेबाला या परीक्षांचं वेळापत्रक माहीत असण्याचं कारण नाही, आणि परीक्षा घेणाऱ्याला बदलीचं. मधे सापडते ती बाई.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. बदलीवर जाणाऱ्या माणसांच्या कुटुंबाचा विचार या देशानं केलाच नाही असं नाही. १९६३ साली केंद्रीय विद्यालयं सुरू झाली ती याचसाठी की वडिलांची बदली झाली तरी मुलाचं पुस्तक बदलू नये. पहिल्या वर्षी वीस रेजिमेंटल शाळाच हाती घेतल्या होत्या. किती साधी आणि शहाणपणाची कल्पना! पठाणकोटला सहावीचा जो धडा अर्धा राहिला तो देवळालीला पुढे सुरू. १९८३ साली लष्करानं शिक्षणासाठी स्वतःची संस्था काढली, आज देशभर तिच्या शंभराहून जास्त शाळा आहेत, आणि त्यांत फौजी घरातल्या कितीतरी बायका शिकवतात हेही खरं. म्हणजे मुलाचा विचार १९६३ साली झाला. त्याच ट्रंकेजवळ त्याच फलाटावर उभ्या असलेल्या मुलाच्या आईचा, जी स्वतः बीएड आहे, तिच्या नोकरीचा धडा पुढे सुरू करायचा विचार मात्र साठ वर्षं उलटली तरी कुणी केला नाही.

अमेरिकेत हा प्रश्न होताच. तिथं शिक्षकाला दर राज्याचा वेगळा परवाना लागतो. ५ जानेवारी २०२३ रोजी तिथं कायदा झाला की सैनिकाच्या बदलीमुळे जोडीदाराला दुसऱ्या राज्यात जावं लागलं तर आधीच्या राज्याचा व्यावसायिक परवाना, काही अटींवर, नव्या राज्यातही चालेल. आपली शिक्षणाची डिग्री आणि आपल्या परीक्षा काही परग्रहावरच्या नाहीत. अपूर्णांकाचा गुणाकार पंजाबात आणि महाराष्ट्रात सारखाच होतो.

देवळालीवरून आठवलं. इंग्रजीत "डूलॅली" असा शब्द आहे, अर्थ डोकं फिरलेला. तो आपल्या देवळालीवरूनच गेला आहे. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत गोरे सोल्जर इथल्या छावणीत महिनोन्‌महिने रिकामे बसायचे आणि वेड्यासारखे वागायला लागायचे, म्हणून तो शब्द. गोऱ्यांच्या रिकामपणाची दखल शब्दकोशानं घेतली. त्याच छावणीत आज किती शिकलेल्या बायका हाताला काम नाही म्हणून दुपारी भिंतीकडे बघत बसल्या असतील त्याची मोजणी तरी कुणी केली आहे का? भाचेसुनेच्या एकट्या गल्लीत तीन बीएड आणि एक डीएड निघाल्या, मी स्वतः चहा पिऊन आले आहे चौघींकडे. एक हरियाणाची, एक केरळची, दोघी आपल्याकडच्या.

आता नातेवाईकांकडे वळते, कारण ते हे वाचतात हे मला माहीत आहे. दिवाळीत आमच्याकडे एक थोर विचार ऐकायला मिळाला. "नवऱ्याला पगार आहे, कॅन्टीन आहे, दवाखाना फुकट आहे, हिला कशाला हवी नोकरी? मुलं सांभाळावीत." म्हणणाऱ्यांची स्वतःची सून बँकेत आहे, आणि तिला मॅनेजर केलं तेव्हा पेढे वाटले होते! फौजीची बायको नोकरी मागते तेव्हाच ती लोभी कशी होते? शिपाई साधारण पस्तिशी-चाळिशीत पेन्शनवर घरी येतो. तेव्हा मुलं शाळेत असतात, घराचं कर्ज असतं, आणि नवी नोकरी वॉचमनची मिळते. त्या वेळी घर धरून ठेवायला बाईजवळ काही हवं की नको? आणि पैसा बाजूला ठेवला तरी, ज्यानं एकदा वर्ग शिकवलाय त्याला वर्गाबाहेर किती करमतं ते मला विचारा. मी सतरा वर्षं विचारते आहे स्वतःला.

माझे यजमान वनखात्यात होते. त्यांची बदली सुरगाण्याला झाली तेव्हा मी हरसूल सोडलं नाही, मुलं घेऊन इथं राहिले. लोकांनी तेव्हाही नावं ठेवली. पण मला तो पर्याय होता. सुरगाणा काही सियाचीन नव्हे, शनिवारी संध्याकाळी ते एसटीनं घरी यायचे. नोकरी की संसार अशी निवड माझ्यापुढे आली तेव्हा दोन्ही हातांत धरता आली, ती माझ्या कर्तबगारीमुळे नव्हे, अंतर कमी होतं म्हणून.

आता हरसूलचं. जूनमध्ये मला एक स्वप्न पडलं होतं, जागेपणीचं. आमच्या भागात गणित-विज्ञानाला माणूस नाही आणि देवळालीत चार जणी रिकाम्या, मग आणा की इकडे! मी भाचेसुनेला तसं म्हटलं. ती हसली. "आत्या, मुलांना साडेसातला शाळेत सोडून तुमचा घाट चढून मी कधी पोचू आणि कधी परत येऊ?" खरंच आहे. शिवाय हा पेसा क्षेत्राचा मुलूख. इथल्या शाळांतल्या जागांवर इथल्या कोकणा, महादेव कोळी, वारली पोरापोरींचा पहिला हक्क आहे आणि माझं त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. उलट माझ्या हाताखालून गेलेली मुलं डीएड-बीएड करून बसली आहेत, तासिका तत्त्वावर राबली आहेत. २०२५ च्या पावसाळ्यात आश्रमशाळांतले रोजंदारीवाले नाशिकला आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडून बसले, बाह्यस्रोत भरती नको म्हणून. त्यात माझे तीन विद्यार्थी होते. मी भाकरी पाठवल्या होत्या.

तेव्हा कुणी म्हणेल, बाई, तुम्ही एका तोंडानं कंत्राटी भरतीला विरोध करता आणि दुसऱ्या तोंडानं दोन वर्षांच्या बाईला नोकरी द्या म्हणता. हा प्रश्न मी स्वतःला चार रात्री विचारला आहे. माझं उत्तर असं. जी जागा कायम आहे ती कायम माणसानंच भरा, ठेकेदारामार्फत नको. शिक्षण हक्क कायदा सांगतो की सरकारी आणि अनुदानित शाळेत रिक्त जागा मंजूर पदांच्या दहा टक्क्यांवर जाता कामा नयेत. तो पाळा म्हणजे झालं. पण काही जागा स्वभावानंच तात्पुरत्या असतात. बाई बाळंतपणाच्या रजेवर जातात, १८० दिवस. कुणी अपघातात पाय मोडून घेतं. कुणाला बीएलओचं काम लागतं. त्या सहा महिन्यांत त्या वर्गाला काय मिळतं? शेजारच्या वर्गाची भिंत! दोन वर्ग एकत्र बसवतात आणि हजेरीपटावर सगळं ठीक दिसतं. या जागांसाठी कायम माणूस मिळूच शकत नाही, आणि नेमक्या तेवढ्याच मुदतीची, शिकलेली, अनुभवी बाई छावणीत बसून आहे.

२०२३ साली सरकारनं जिल्हा परिषदेच्या शाळांत निवृत्त शिक्षकांना सत्तर वर्षांपर्यंत महिना २० हजारांवर घ्यायचं ठरवलं होतं. माझी सत्तरी तेव्हा ओलांडलेली, नाहीतर मी गुडघ्याला तेल चोळून गेलेही असते. म्हणजे गुडघे धरलेल्या म्हाताऱ्यांची यादी सरकारला करता येते. मग पस्तिशीतल्या बीएड बाईंची का येऊ नये? नाशिक शहर, नाशिकरोड, भगूर, देवळाली, ओझर एवढ्या टापूतल्या शाळांच्या रजेच्या जागांसाठी फौजी कुटुंबातल्या प्रशिक्षित शिक्षिकांची एक यादी छावणीनं ठेवावी आणि शिक्षण विभागानं ती वापरावी. पगार त्या जागेवरच्या शिक्षकाला जो सुरुवातीला मिळतो त्याच दरानं, थेट खात्यात, आणि परत मागणारा हात कुणाचाच नको. काम केल्याचा दाखला सुट्टी लागायच्या आत हातात पडावा. भाचेसुनेच्या एका जुन्या शाळेनं तो दिलाच नाही, एक वर्ष हवेत गेलं. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवणाऱ्या शाळेला शिक्षणाधिकाऱ्यांनी जाब विचारावा. फील्ड पोस्टिंगची वर्षं अर्जात "गॅप" म्हणून मोजू नयेत. आणि एका राज्याची टीईटी दुसऱ्या राज्यात, निदान फौजी जोडीदारापुरती तरी, चालावी. भाषेचा प्रश्न येईल, तो खरा आहे. मराठी शाळेत मराठी यायलाच हवी. केरळच्या बाईंना मी तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, शिकते. महिनाभरात "बसा, चहा घ्या" पर्यंत आल्या आहेत!

हे सगळं मी साध्या कागदावर लिहून शिक्षण विभागाला आणि सैनिक कल्याण कार्यालयाला पाठवलं आहे, रजिस्टर पोस्टानं नाही, ते आता बंद होऊन स्पीड पोस्टात गेलं म्हणे, तर स्पीड पोस्टानं. पोच मिळाली, उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणाची लेक, सून, बहीण अशा फेऱ्यात असेल तर किती शाळांनी काय उत्तर दिलं ते मला कळवा. शाळेचं नाव नको, उत्तर हवं. दुसरं पत्र पाठवताना जोडीन.

भाचेसुनेनं सीटीईटीचा अभ्यास सुरू केला आहे. रात्री मुलं निजल्यावर बसते. सकाळी मला फोन करून बालमानसशास्त्रातले प्रश्न विचारते आणि मी १९७३ च्या बीएडच्या आठवणीतून उत्तरं देते, त्यातली निम्मी चुकतात. काल भाचा फोनवर म्हणाला, "आत्या, पुढच्या पोस्टिंगची कुजबुज आत्तापासनंच सुरू झालीय." मी विचारलं, कुठं? तर म्हणाला, ते कोण सांगतंय.